नळीतून भरवलेला घास



परळला टाटा हॉस्पिटलच्या बाहेर फुटपाथवर तुमच्यापैकी कुणी कधी बसलं असेल, तर मी आज काय सांगणार ते तिला अर्धं आधीच माहीत आहे. गावाकडून आलेली माणसं तिथं चटई टाकून बसलेली असतात. कुणाच्या हातात फाइल, कुणाच्या मांडीवर स्टीलचा डबा. त्यातल्या कितीतरी जणांच्या नाकातून एक बारीक नळी बाहेर आलेली असते, गालाला पट्टीनं चिकटवलेली. शेजारी बसलेली बायको नाहीतर सून मोठ्या सिरिंजमधून त्या नळीत हळूहळू दूध सोडत असते. तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं की जखम भरेपर्यंत तोंडानं खाता येत नाही, म्हणून ही नळी. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे. टपरीवर काय मिळतं ते तुम्ही जाणताच. आणि मिश्रीला तर बंदीही नाही, ती आपल्याच घरात तव्यावर भाजली जाते.

त्या नळीची गोष्ट मी आज सांगणार आहे. गोष्ट लंडनची आहे, लाहोरची आहे, परळची आहे आणि थोडी आमच्या घाटकोपरच्या चाळीतली आहे.

चाळीतलं आधी सांगते. २००३ साली माझ्या सासूबाईंना लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं आणि गिळणंही गेलं. चमचाभर पाणी दिलं तरी ठसका लागायचा. हॉस्पिटलात नाकातून नळी घातली. अठराव्या दिवशी घरी सोडलं. कागदावर लिहिलं होतं, 'आर. टी. फीड, दर दोन तासांनी'. एवढंच. काय द्यायचं, किती द्यायचं, निजवून द्यायचं की बसवून, कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. हॉस्पिटलचं नाव मी घेत नाही. तिथल्या नर्सताईला एका वेळी चाळीस खाटा बघायच्या होत्या, तिला तरी काय बोल लावणार?

आर. टी. म्हणजे रायल्स ट्यूब. हा रायल कोण, असा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता. रात्री अडीच वाजता सिरिंज धुताना असले प्रश्न पडत नाहीत. नंतर शोधलं. जॉन आल्फ्रेड रायल हे लंडनच्या गायज हॉस्पिटलमधले डॉक्टर. १९२१ साली त्यांनी ही बारीक नळी काढली, टोकाला थोडं वजन असलेली, म्हणजे ती आपोआप खाली सरकावी. गंमत अशी, की त्यांना ती कुणाला जेवू घालण्यासाठी नको होती. रोग्याला पातळ पेजेसारखं काहीतरी पाजायचं आणि ठरावीक वेळानं नळीतून पोटातला रस थोडा थोडा ओढून तपासायचा, यासाठी होती. पोटातून बाहेर काढायची वस्तू पुढे पोटात घालायची झाली. हे रायल पुढे १९४३ साली ऑक्सफर्डला गेले आणि गरिबीचा, घराचा, कामाचा माणसाच्या आजाराशी काय संबंध असतो, हा विषय शिकवू लागले. ज्यांच्या नावाची नळी आज चाळीतल्या आणि वाडीतल्या घरात लोंबते, त्यांना त्या घराची चिंता होती, हे वाचून मला बरं वाटलं.

नळीनं भरवण्याचा खटाटोप त्याच्याही आधीचा. १७९० च्या सुमारास लंडनमध्येच जॉन हंटर नावाच्या सर्जनकडे एक रोगी आला. त्याचं गिळणं बंद पडलं होतं. हंटरनं देवमाशाच्या हाडाच्या काडीवर वाम माशाची कातडी चढवून नळी केली, वर पिशवीसारखी मूत्राशयाची पखाल बांधली, आणि तिच्यातून अंडी, दूध, साखर असं पोटात सोडलं. माणूस काही आठवड्यांनी पुन्हा गिळू लागला. हे जमेपर्यंत लोक काय करत? गुदद्वारातून सूप आणि अंडं चढवत. १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड गोळी लागून पडले होते, त्यांनाही असंच 'जेवण' दिलं गेलं. त्यातून अंगाला फारसं काही लागत नाही. शेवटी ते नुसती हाडं उरून गेले. राष्ट्राध्यक्षाचीही अशी गत, म्हणून नाकातल्या नळीला नाक मुरडू नये असं मला वाटतं.

पण या नळीच्या इतिहासात एक काळं पान आहे, आणि ते बायकांपासून सुरू होतं. १९०९ साली इंग्लंडमध्ये मताचा हक्क मागणाऱ्या बायकांनी तुरुंगात उपोषण धरलं. सरकारनं त्यांना धरून, दाबून, नाकातोंडातून नळी घालून अन्न ओतायला सुरुवात केली. वीस वर्षांनी तेच आपल्याकडे झालं. लाहोर कटाच्या खटल्यातले कैदी तुरुंगात माणसासारखी वागणूक मिळावी म्हणून उपाशी बसले होते. भगतसिंग त्यात होते, बंगालचे जतीन दास होते. जतीनना जबरदस्तीनं नळी घातली तेव्हा ती पोटाऐवजी फुप्फुसाच्या वाटेनं गेली आणि दूध तिथं उतरलं. ते त्यातून उठलेच नाहीत. १३ सप्टेंबर १९२९ ला, उपोषणाच्या त्रेसष्टाव्या दिवशी ते गेले. वय चोवीस. आणि अगदी आपल्या काळात मणिपूरच्या इरोम शर्मिला २००० सालापासून ९ ऑगस्ट २०१६ पर्यंत नाकात नळी घेऊन जगल्या. त्यांचा फोटो पाहिला नसेल अशी बाई विरळा.

जतीन दासांचं नाव मी मुद्दाम घेतलं. आपल्या घशात दोन वाटा शेजारी शेजारी आहेत. एक अन्नाची, एक श्वासाची. धडधाकट माणसाच्या श्वासाच्या वाटेत पाण्याचा थेंब गेला तरी तो ठसकून ठसकून बाहेर काढतो. लकवा झालेलं, गुंगीत असलेलं, म्हातारं माणूस कधी ठसकतही नाही. नळी सरकून चुकीच्या जागी आली किंवा पोटातलं अन्न उलटून वर आलं, तर ते गुपचूप फुप्फुसात उतरतं. मग दोन दिवसांनी ताप, धाप, आणि घरातले म्हणतात, 'सर्दीनं धरलं.' देशानं एका तरण्या पोराचा जीव देऊन शिकलेली गोष्ट, पण घरी सोडताना आम्हाला ती कुणी सांगितली नाही.

आमच्याकडे चौथ्या रात्री तेच व्हायचं होतं. सासूबाईंनी झोपेत हात मारला आणि नळी चार बोटं बाहेर आली. दीर म्हणाले, 'ढकल आत, तेवढीच तर आलीय.' मी ढकलणारच होते. आमच्या शेजारी पाटणकडच्या एक मावशी राहायच्या. मुलुंडला एका म्हाताऱ्या शेटजींकडे रात्रपाळीला आयाबाई म्हणून जायच्या, त्या दिवशी नेमकी त्यांची सुट्टी होती. त्या धावत आल्या आणि माझा हात धरला. म्हणाल्या, 'नळी सरकली की तिच्यातून पाणीसुद्धा द्यायचं नाय. सकाळी दवाखान्यात नेऊ. एका रात्रीत उपाशी कोण मरत नाय, पण छातीत गेलं तर वाचत नाय.' मग त्यांनी नाकाशी नळीवर पेनानं खूण करायला शिकवलं. म्हणजे पुढच्या वेळी नळी हलली की लगेच कळावं.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, इथल्या सोसायट्यांमध्ये अशा हजारो मावश्या आहेत. साताऱ्याच्या, कोकणच्या, मराठवाड्याच्या. ब्युरोतून बारा-बारा तासांच्या पाळीला जातात. उपनगरात नळीवरच्या माणसांची सेवा खरी कुणी केली हे लिहायचं झालं, तर या बायकांपासून सुरुवात करावी लागेल. पण असा इतिहास कुणी लिहून ठेवत नाही. त्यांच्याकडचं शहाणपण एकीकडून दुसरीकडे तोंडानंच जातं.

ज्यांच्याबद्दल लिहिलं गेलं त्या परळच्या केईएम हॉस्पिटलच्या नर्सेस. अरुणा शानभाग हे नाव तुम्ही ऐकलं असेल. कारवारकडच्या हळदीपूरची मुलगी, केईएममध्ये नर्स. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिथल्याच एका सफाई कामगारानं साखळीनं तिचा गळा आवळून अत्याचार केला. मेंदूला रक्त पोचलं नाही. तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती. पुढची जवळजवळ बेचाळीस वर्षं ती एका खाटेवर होती. गुन्हेगाराला चोरी आणि खुनाच्या प्रयत्नाबद्दल सात वर्षं झाली. बलात्काराचा आरोप ठेवलाच गेला नाही. त्यावर वेगळं बोलावं लागेल, आज नको.

आज मला सांगायचंय ते तिच्या जेवणाचं. २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं तीन डॉक्टरांना तिला तपासायला पाठवलं होतं. त्यांच्या अहवालात असं आलं, की सप्टेंबर २०१० मध्ये तिला ताप आला, बहुधा मलेरिया, तोपर्यंत ती तोंडानं खात होती. मऊ कुस्करलेलं अन्न तिला भरवायचे. मासे, चिकनचं सूप तिला आवडायचं. त्या तापानंतर खाणं कमी झालं आणि मग नाकातून नळी घालावी लागली. बघा, किती वर्षं झाली. सदतीस वर्षं नर्सेसनी घास घास भरवला. एक घास उतरायला किती वेळ लागत असेल! आधीच्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या. १९७३ साली ज्यांचा जन्मही झाला नव्हता अशा मुलींनी तिला भरवलं. इतक्या वर्षांत तिच्या पाठीला शय्याव्रण होऊ दिलं नाही, हे ज्यांनी घरात खाटेवरचं माणूस सांभाळलंय त्यांनाच कळेल. मध्यंतरी पालिकेनं तिला तिथून हलवायचा घाट घातला, तेव्हा नर्सेस विरोधात उभ्या राहिल्या.

लेखिका पिंकी विराणी यांनी कोर्टात अर्ज केला होता, की अरुणाचं अन्न थांबवून तिला शांतपणे जाऊ द्यावं. त्यामागेही कळवळाच होता, तो नाकारू नये. ७ मार्च २०११ ला कोर्टानं अर्ज नामंजूर केला. निकालातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. कोर्ट म्हणालं, की या बाईच्या वतीनं बोलण्याचा हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांचा, कारण रात्रंदिवस तिची देखभाल तेच करतात. भरवणाऱ्या हाताला बोलायचा हक्क आहे, असं देशाच्या सर्वांत मोठ्या कोर्टानं सांगितलं. आपल्या घरात मात्र डॉक्टर बोलायला आले की पुढे भाऊ, दीर, मेहुणे. जी चोवीस तास नळी सांभाळते ती दाराशी उभी. हे बदलायला कोर्ट लागत नाही.

त्याच निकालानं जीवनाधार काढून घेण्याची वाट काही अटींवर मोकळी केली, आणि २०१८ साली आपली इच्छा आधीच लिहून ठेवण्याचा हक्कही कोर्टानं मान्य केला. म्हणजे नळी नको असं शुद्धीत असलेलं माणूस आज सांगून ठेवू शकतं. अरुणा १८ मे २०१५ ला न्यूमोनियानं गेली.

केईएममध्ये पाळ्या होत्या, डॉक्टर एका हाकेवर होते. घरी एकच बाई असते. ही तुलना मी तुम्हाला लाजवायला करत नाही. उलटंच म्हणते. जिथं एकीनंच सगळं करायचं, तिथं तिला दोन गोष्टी नीट शिकवल्याशिवाय घरी पाठवणं हाच दोष आहे.

घरी नळीनं जेवण देता येऊ लागलं त्याला माझ्या मते दोन गोष्टी कारण झाल्या. एक, रबराच्या नळीजागी आलेली मऊ प्लॅस्टिकची नळी. दुसरी, मिक्सर. हसू नका! साठच्या दशकात मुंबईच्या सत्यप्रकाश माथुर नावाच्या इंजिनिअरनं आपल्या वाटणाला टिकेल असा सुमीत मिक्सर बनवला. परदेशी यंत्राची मोटर आपल्या डाळ-खोबऱ्यापुढे जळायची म्हणून. त्यांच्या डोक्यात इडली-चटणी असणार. पण मिक्सर नसता तर वरणभात, उकडलेली भाजी, नाचणीची पेज नळीतून जाण्याइतकी बारीक कशी झाली असती? पाट्यावर वाटून कुणी दिवसातून सहा वेळा गाळलं असतं?

गाळायचं मात्र विसरू नका. मिक्सरमधून काढलेलं पुन्हा गाळणीतून किंवा स्वच्छ मलमलच्या फडक्यातून. एक तूस अडकलं की नळी बंद. प्रत्येक वेळी आधी आणि नंतर थोडं साधं पाणी सोडायचं, म्हणजे नळी आतून धुतली जाते. सिरिंजचा दट्ट्या जोरानं दाबायचा नाही. दट्ट्या काढून सिरिंज उंच धरायची आणि अन्न आपल्या वजनानं उतरू द्यायचं. ढवळून करून ठेवलेलं सकाळचं दुपारी चालवू नये, उन्हाळ्यात तर नाहीच. एका वेळी किती द्यायचं हे डॉक्टरांकडून मिलिलिटरमध्ये लिहून घ्या, 'वाटीभर' असं नको. आणि गोळ्या कुटण्याआधी विचारा, काही गोळ्या कुटून चालत नाहीत.

सगळ्यात मोठी चूक असते ती आडवं निजवून देण्याची. मीही तीन दिवस तशीच देत होते, दया येऊन. त्यांना कशाला हलवा, म्हणून. पाठीमागे लोड, तक्क्या, गोधडीची वळकटी, काहीही लावा, पण कमरेपासून वरचं अंग उंच हवं, अर्धवट बसल्यासारखं. दिल्यानंतरही अर्धा ते एक तास तसंच. धाप लागली, ओठ काळेनिळे दिसले, खोकला सुटला, की थांबायचं आणि दवाखाना गाठायचा.

नळी पोटातच आहे हे कसं ओळखायचं, याबद्दल पूर्वी एक पद्धत सगळीकडे शिकवत. सिरिंजनं हवा सोडायची आणि पोटावर कान किंवा नळी लावून गुर्र असा आवाज ऐकायचा. दुसरी, नळीचं टोक पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का बघायचं. २००५ साली ब्रिटनच्या रुग्णसुरक्षा संस्थेनं दोन्हींवर भरवसा ठेवू नका असं कळवलं, कारण नळी फुप्फुसात असतानाही आवाज फसवा येऊ शकतो. नळीतून थोडा रस ओढून आंबटपणा दाखवणाऱ्या कागदी पट्टीवर तपासणं, आणि शंका आली तर एक्स-रे, हे खरं. आपल्याकडे पट्टी मिळाली नाही तरी नाकाशी केलेली खूण तर आपल्या हातात आहे. नळी घरी आपण कधीच घालायची नाही.

आणि तोंड धुवायचं. तोंडानं खात नाहीत तर दात कशाला घासायचे, असं आम्हालाही वाटलं. पंधरा दिवसांत जिभेवर पांढरा थर आला. तोंडातले जंतू लाळेबरोबर छातीत उतरतात. दोन वेळा मऊ ब्रश किंवा बोटाला ओलं फडकं गुंडाळून साफ करायचं.

महिना-दीड महिन्याहून जास्त नळी लागणार असेल, तर पोटाला बारीक भोक पाडून सरळ पोटातच नळी बसवतात. पेग म्हणतात तिला. १९७९ साली अमेरिकेत क्लीव्हलँडच्या गॉडरर आणि पॉन्स्की या डॉक्टरांनी दुर्बीण घालून, पोट न उघडता ती बसवून दाखवली. त्याआधी पोट कापावं लागे. १८४९ मध्ये फ्रान्समध्ये पहिल्यांदा तसं केलं तो रोगी वाचला नव्हता. नाक मोकळं राहतं, माणूस बाहेर जाऊ शकतो. टाटाच्या फुटपाथवर लोक नजर चुकवतात तेही मग चुकवावं लागत नाही. तुमच्या माणसाला ती चालेल का, हे विचारायला लाजू नका. उलट, खूप म्हातारपणात विसरभोळेपणा टोकाला गेलेल्या माणसाला नळी घातल्यानं आयुष्य वाढत नाही, हळूहळू चमच्यानं भरवणं बरं, असं आता जाणकार सांगतात. केईएमच्या नर्सेस वर्षानुवर्षं तेच करत होत्या.

मुंबईला न्यावं लागलं तर उतरायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा बहुतेक गावांना ठाऊक असते. वांद्र्याला माउंट मेरीजवळ शांती अवेदना सदन आहे. टाटाचेच सर्जन डॉ. एल. जे. डिसोझा यांनी १९८६ मध्ये काढलेलं, बरं न होणाऱ्या कॅन्सर रोग्यांसाठी देशातलं पहिलं घर. तिथं पैसे घेत नाहीत. टाटामध्ये १९९६ पासून दुखणं-खुपणं सुसह्य करणारा वेगळा विभाग आहे. केंद्र सरकारचा अशा सेवेचा कार्यक्रम २०१२ सालापासून आहे. तुमच्या जिल्हा रुग्णालयात त्याची खोली कुठं आहे, ते गटातल्या दोघी मिळून एकदा विचारून या. नळीवरचं माणूस घरात असेल त्या बाईला मात्र पाठवू नका, तिच्याकडे त्या वेळात कुणीतरी बसा, म्हणजे तिला अंघोळ तरी होईल.

आमच्या सासूबाई अडीच महिन्यांनी गिळू लागल्या. गिळणं शिकवणाऱ्या बाई यायच्या. त्यांनी आधी घट्ट खिमट द्यायला सांगितलं, पातळ पाणी नव्हे. पातळच आधी ठसकतं, हेही आम्हाला नवीन. मग एके सकाळी नळी काढली. पाटणच्या मावशी पाळीवरून नुकत्याच परतल्या होत्या, दारातच उभ्या राहिल्या. सासूबाईंना बोलता येत नव्हतं, पण त्यांनी डाव्या हातानं मिश्रीच्या डबीकडे बोट दाखवलं. मावशींनी ती डबी उचलली आणि सरळ खाली कचऱ्यात टाकली. सासूबाई चार दिवस मावशींशी रुसून होत्या.